शाळा बंद हाय, मास्तरला काय होतंय

आमचे मास्तर लई भित्रे होते. बाया आपल्या नवऱ्याचं मोठेपण सांगतेत, मी खरं ते सांगते. पाल भिंतीवरून सरकली की हा गडी जेवता जेवता पाटावर उभा राहायचा. इजा चमकायला लागल्या की घोंगडी घेऊन कोपऱ्यात बसायचे अन् स्वप्नालीला, आमच्या पोरीला, जवळ ओढायचे, पोरीला भ्या वाटतंय असं दाखवायला. सुई टोचायची म्हणलं तर दवाखान्याच्या वाटेवरच त्यायचा ताप उतरायचा. मी म्हणायचे, "अवं, गावची सगळी पोरं तुमाला टरकतेत, अन् तुमी गल्लीतल्या कुत्र्याला टरकता?" ते म्हणायचे, "दानम्मा, पोरं चावत न्हाईत."

नाव मन्मथ. त्यायचे आजोबा कपिलधारला, मन्मथ स्वामींच्या समाधीला, पायी गेलते अन् परत येतात तं घरात पाळणा हाललेला, म्हणून स्वामींचं नाव ठेवलं. आमचं गाव धारूरच्या घाटाच्या पायथ्याला, बालाघाटाच्या कुशीत. लिंगायतांची घरं थोडीच, सगळी दुकानदारी करणारी. सासरे लवकर लिंगैक्य झाले, म्हणजे वारले. मास्तर थोरले, म्हणजे दुकान त्यायच्याच गळ्यात पडायचं. पण धाकटे भावजी, केदारनाथ, लहानपणापासून दम्याचे. उन्हात जायचं न्हाई, ओझं उचलायचं न्हाई. अव्वा म्हणल्या, हे पोरगं गादीवर बसूनच पोट भरू शकतंय. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. झालं, मास्तरनी दुकान भावाला देऊन टाकलं अन् अंबाजोगाईला जाऊन डी.एड. केलं. आपल्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चिकटले. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पक्का स्लॅब. गावात स्लॅब तेवढाच.

शाळेत ह्या माणसाचा आवाज असा, की पाढे चालले की मला घरात भाकरी थापता थापता ऐकू यायचे. घरात आले की आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक. अव्वापुढं तं "व्हय अव्वा" ह्याच्या पुढं गाडी सरकायची न्हाई. अव्वा वाईट होत्या असं मी म्हणणार न्हाई. मास्तरच्या अन् भावजींच्या मधली दोन लेकरं त्यायच्या मांडीवर गेली. भावजी जगले ते नवसानं. म्हणून त्यायचा जीव सगळा केदारात. केदार जेवला का, केदार खोकला का, केदारला वारं लागलं का. मास्तर काय, मास्तर होतेच. भिंत जशी असती तसे.

भूकंपाच्या दुसऱ्या सालची गोष्ट. तवा दुकान लई वाढलं होतं. पूर्वी गूळ, मीठ, रॉकेल एवढाच कारभार. मग शांपूच्या पुड्या आल्या, तऱ्हतऱ्हेची बिस्किटं आली, रंगीत पाण्याच्या बाटल्या आल्या. भावजींनी टीव्ही घेतला, गल्ली सगळी आमच्या ओट्यावर. माल वाढला म्हणून मागची खोली बी पोत्यायनी छतापर्यंत भरली. माल वाढला तसे उंदीर बी वाढले. आमी हसायचो, म्हणायचो, भावजींची गिऱ्हाइकं रातीची बी येतेत.

गणपती उठले अन् जिल्ह्यात गाठीच्या तापाची बातमी उठली. टीव्हीवर आमच्या बीडचं नाव! आधी पोरांला गंमत वाटली. मग एक दिवस सकाळी अव्वा मागच्या खोलीत गेल्या अन् किंचाळल्या. गुळाच्या पोत्यापुढं एक उंदीर दारू पिल्यावानी झुलत होता. आमच्या देखत दोन गिरक्या खाल्ल्या अन् उताणा पडला. दुपारपर्यंत आणखी सापडले. अव्वा भिंतीला टेकून बसल्या अन् म्हणल्या, "माझी आय सांगायची, उंदीर पडला की माणूस पडतंय. उंदीर पडला की घरात पाणी प्यायला बी थांबायचं न्हाई."

ती जुनी रीत म्हाताऱ्या माणसांला सगळ्यायला ठाऊक होती. उंदीर पडला की गाव सोडायचं, रानात खोपी घालायच्या, महिना-दोन महिने गावात पाय टाकायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी गाव हाललं. बैलगाड्या, शेळ्या, पोरं, भांडी. कुणी कुणाशी बोलंना. ज्याला त्याला वाटायचं, समोरच्याच्या काखेत गाठ हाय.

गाव रानात, दवाखान्यातला डॉक्टर कुठं पळाला ते त्यालाच ठाऊक, शाळा सरकारनं बंद केल्या. बंद म्हणजे पोरांला बंद. मास्तरला हुकूम आला : रोज शाळेत बसा, गोळ्या वाटा, खोपी-खोपीवर जाऊन कुणाला ताप हाय का, कुणाला गाठ आली का, कुठं उंदीर पडले का, इचारा. दुसरे गुरुजी बीडचे, ते गेलते गावाकडं ते तिकडंच आजारी पडले म्हणे. कसले आजारी, भ्याले. मी त्यायला दोष देत न्हाई, मी बी पळाले असते. राह्यले आमचे मास्तर अन् शिपाई आश्रुबा.

संध्याकाळी खोपीपुढं लिंबाच्या पाल्याचा धूर करून माणसं बसायची अन् एकच गोष्ट काढायची, आधी मरणार कोण. एक म्हणायचा, किराणावाला. उंदीर त्याच्याच घरात. दुसरा म्हणायचा, न्हाई बे, एस्टीचा कंडक्टर, तो धा गावची माणसं घासून येतो. तिसरा म्हणायचा, खळ्यावरचे आमी. डॉक्टर, कंपौंडर, सगळे झाले. मी भाकरी भाजीत ऐकत होते. म्हणलं, "अन् मास्तर? खोपी-खोपीला हात लावून येतेत ते मेले तं?" तं सगळे हसले. बंकट पाटील म्हणले, "वहिनी, तुमचं काई बी असतंय. शाळा बंद हाय, मास्तरला काय होतंय? फुकट पगार खातोय गडी." मास्तर बी हसले. पण पितळीतलं कालवण तसंच ठेवून उठले.

त्यायनी मला एकटीलाच सांगितलं, "दानम्मा, मला लई भ्या वाटतंय गं." रोज परत आले की खोपीच्या मागं तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ करायचे अन् मला बोलवायचे. मी त्यायच्या काखेत हात घालायचे, मानेवरून, जांघेतून बोटं फिरवायचे. "हाय का?" ते डोळे मिटून इचारायचे. "न्हाई," मी म्हणायचे. मग ते श्वास सोडायचे. मी बी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसांत मला त्यायच्या अंगाचं हाड न हाड ठाऊक झालं. नवऱ्याच्या अंगाला हात लावताना असं काळीज हातात धरून कोणत्या बाईनं लावला असंल, सांगा.

आता ते पोत्यांचं.

घर सोडलं, पण दुकानातला माल घरातच. भावजींला झोप न्हाई. चोर नेतील, न्हाई तं उंदीर खातील. खोपीत आणावा तं परतीचा पाऊस. अव्वांला तोड सुचली. म्हणल्या, "शाळेत न्या पोती. वर स्लॅब, खाली फरशी, एक बीळ न्हाई. शाळा तं बंदच हाय अन् चावी घरातच हाय."

आमच्याकडं शाळा म्हणजे अशीच. लग्नाचं वऱ्हाड उतरवायचं, शाळा. निवडणुकीचं पोलीस, शाळा. पाटलाचा कापूस भिजायला लागला, शाळा. कुणाला त्यात काई वावगं वाटत न्हाई, मास्तरला बी वाटायचं न्हाई. त्या दिवशी मात्र वाटलं. ते म्हणले, "अव्वा, मी तिथं दिवसभर बसतो. गोळ्यायला माणसं येतेत."

"तू बसतोस अन् उठून येतोस," अव्वा म्हणल्या. "ती पोती घरात राह्यली तं केदार तिकडं जाणार, त्याला दम धरवणार न्हाई. उंदरात बसवू का माझ्या लेकराला?"

मला राहावलं न्हाई. मी म्हणले, "अव्वा, तुमाला लेकरं किती हायेत? मेल्या उंदरातली पोती तिथं नेऊन ह्यांच्या उशाला लावता?"

"तू मधी बोलू नको. पोत्यात कुठं उंदीर हायेत? झटकून नेऊ. अन् शाळा बंद हाय, मास्तरला काय होतंय?"

मी मास्तरकडं पाह्यलं. म्हणलं, आता तरी तोंड उघडा. पालीला भिणारा माणूस, एवढं भ्या पोटात घेऊन हिंडणारा, आईपुढं एक "न्हाई" म्हणायला काय जातंय? पण त्यायनी भावाकडं पाह्यलं. भावजींचा दमा भ्यानंच उसळला होता, छाती भात्यावानी वरखाली चालली होती. मास्तरनी कमरेची चावी काढली अन् म्हणले, "आणा गाडी."

पोत्याच्या धुळीनं दमा वाढतो म्हणून अव्वानी भावजींला हात लावू दिला न्हाई. पोती वाहिली मास्तरनी अन् आश्रुबानं. शाळेच्या पहिल्या खोलीत फळ्यापर्यंत थप्पी लागली. दुसऱ्या खोलीचं दार फुगलेलं, लागायचं न्हाई, तिथं गळायचं बी. म्हणून मास्तरचं टेबल पोत्यांला खेटूनच राह्यलं. लोक म्हणले, मास्तर, मजा हाय, तक्क्याला टेकून बसता.

अन् गोळ्यांचं बी सांगते, न्हाई तं माझ्या पोटात राहील. गोळ्या मोजक्या आलत्या. पुढचा डबा येणार येणार म्हणायचे, येत नव्हता. मास्तरनी आश्रुबाला त्याच्या वाटच्या समोर बसवून खायला लावल्या. स्वतःच्या कागदात बांधून खोपीवर आणल्या. दुकानदारांला जास्त लागतेत, असं अव्वाचं म्हणणं. एकदाच्या खाऊन भागत न्हाई, केदारला दोनदा खाऊ दे. मास्तरनी पुडी देऊन टाकली. मी तोंडाला येईल ते बोलले त्या दिवशी. त्यायला भित्रा म्हणले, बुळा म्हणले. ते म्हणले, "अगं, डबा उद्या येतोय." स्वप्नाली रडायला लागली म्हणून मी गप झाले.

चार-सहा दिवस गेले. मास्तर पायाचे घोटे खाजवायचे. म्हणायचे, शाळेत चिलटं लई झालीत. मी खोबरेल तेल लावून द्यायचे. चिलटंच म्हणून लावायचे. आमाला कुणी सांगितलंच नव्हतं की उंदीर मेला म्हणजे काम संपलं न्हाई.

मग एक दिवस ते दुपारीच परत आले. उन्हात चालत आले तरी अंगावर काटा. आंघोळ नको म्हणले. तट्ट्यामागं उभे राह्यले अन् मला हाक मारली. मी काखा पाहिल्या. काई न्हाई. मान पाहिली. काई न्हाई. जांघेत हात नेला अन् बोटाला लागली. लिंबाएवढी. हात लावताच ते कळवळले. मी हात काढलाच न्हाई. हात काढला असता तं सांगावं लागलं असतं.

"हाय का?" त्यायनी इचारलं. डोळे मिटलेले.

मला न्हाई म्हणायचं होतं. देवा शपथ, मला न्हाईच म्हणायचं होतं. पण तोंडातून शब्दच फुटला न्हाई. त्यायनी डोळे उघडून माझ्याकडं पाह्यलं अन् त्यायला कळलं. मोठं माणूस कसं थरथरतंय ते मी त्या दिवशी पाह्यलं. माझ्या खांद्याला धरून उभे होते अन् त्यायचे दात वाजत होते.

जीप कुणी देईना. बंकट पाटलाच्या ड्रायव्हरनं लांबूनच हात जोडले. आश्रुबा धारूरला सायकलीवर गेला अन् सरकारी गाडी घेऊन आला. तवर आमच्या आसपासच्या खोपी मोडून माणसं लांब सरकली होती. अव्वानी भावजींला अन् स्वप्नालीला घेऊन आखाडा, गुरांचा गोठा, गाठला होता, रानाच्या पार पल्याडच्या टोकाला. लांबून ओरडून इचारत होत्या, "दानम्मा, केदारनं त्याचं काई उष्टं खाल्लं न्हाई ना?"

धारूरच्या दवाखान्यात वेगळी खोली होती. तोंडाला फडकी बांधलेली माणसं. एक कवळा डॉक्टर होता, चांगला होता बिचारा, जवळ येऊन बोलला. म्हणला, "काय काम करतात हे?"

"मास्तर हायेत."

"मास्तर? शाळा तर सगळ्या बंद आहेत ना?"

मला हसावं का त्याचं तोंड ओरबाडावं, कळंना. मग मी सगळं सांगितलं, पोती, थप्पी, टेबल. तो खाली पाहून ऐकत होता. म्हणला, "ताई, उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा पोत्यात उतरतात. त्याच चावतात. घोटे खाजत होते का?" मी मान हालवली. त्यानं सुई भरली. मास्तरनी आपणहून हात पुढं केला. कधी नव्हं ते. मला म्हणले, "दानम्मा, लई भ्या वाटतंय." मी म्हणले, "मला बी." त्यायनी माझा हात धरला तो सोडला न्हाई. रातभर अंग जळत होतं, पाढे म्हणत होते, मधीच पोरांची नावं घेऊन हजेरी घेत होते. दिवस उजाडला तवा थांबले.

डॉक्टर म्हणला, नमुना पुण्याला पाठवतो, तवर नुसता ताप लिहितो. मी म्हणले, काई बी लिहा. दवाखान्यातल्या माणसांनी मास्तरला पांढऱ्या कपड्यात घट्ट बांधून दिलं अन् संगं एक आरोग्यवाला दिला. सोडायचं न्हाई, तोंड पाहायचं न्हाई, खोल पुरायचं, वरून चुना टाकायचा. सकाळीच निघालो, उन्हं चढायच्या आत आमच्या रानात पोचलो.

आमच्यात माणूस आडवं पुरत न्हाईत. मांडी घालून बसवतेत, समाधीत बसावं तसं. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतेत. आश्रुबानं उजाडताच सायकलीवर पुढं येऊन खड्डा खणून ठेवला होता, बसत्या माणसाचा. आरोग्यवाला म्हणला, असं जमणार नाही, लांब करा, आडवं ठेवा, बांधलेलं सोडू नका. आश्रुबानं कुदळ घेतली अन् माझ्याकडं पाह्यलं.

"आडवं ठेवणार न्हाई," मी म्हणले.

विधी करणारे आमच्यातले स्वामी आलते, पण बांधावर उभे, तिथूनच मंत्र म्हणत होते. गाव लांब लांब बांधांवर उभं, तोंडाला पदर, उपरणी. भावजी रानाच्या त्या टोकाला, अव्वाच्या शेजारी. खड्ड्यात उतरणार कोण? कपड्याची गाठ सोडणार कोण? कुणीच हालंना. आश्रुबा पुढं आला तशी त्याच्या बायकोनं पल्याडून किंकाळी फोडली अन् तो थांबला. त्याच्या बी घरी लेकरं होती.

मी म्हणलं, मग मीच. बायामाणसानं उतरायचं नसतंय, नसंना. मी पदर खोचला, खड्ड्याच्या कडेला बसले, पाय खाली सोडले. तेवढ्यात कुणी तरी माझा दंड धरून मागं ओढलं. केदारनाथ भावजी. एवढं रान पळत आलते, छाती नुसती फुटायला आलती, शिट्टी वाजत होती. खाली उडी मारली, वर हात केले. आश्रुबानं अन् मी मास्तरला खाली दिलं.

भावजींनी दातानं कपड्याची गाठ सोडली. कपडा बाजूला केला. अंग अजून ताठलं नव्हतं. एक एक पाय दुमडून मांडी घातली, पाठ मातीला टेकवली. मग गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवलं अन् बोटं मिटवली. आरोग्यवाला ओरडत होता, ते ऐकतच नव्हते. भावाचं डोकं कलंडत होतं, ते त्यायनी आपल्या छातीला लावून धरलं.

तेवढ्यात बांधावरून अव्वा धावत आल्या. पदर कुठं, डोकं कुठं. "केदारा! हात लावू नको त्याला! वर ये! वर ये माझ्या राजा, तुला काई झालं तं मी काय करू?"

स्वामींचा मंत्र थांबला.

भावजींनी खालून वर पाह्यलं. मास्तरचं डोकं तसंच छातीला धरलेलं. म्हणले, "अव्वा, हा बी तुझाच हाय ना गं?"

अव्वा कडेला येऊन थांबल्या. मग ताप आल्यापासून पहिल्यांदा त्यायनी मास्तरच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् तिथंच मातीत खाली बसल्या. कुणीच त्यांला उठवायला गेलं न्हाई. मी बी गेले न्हाई.